उन्हाला छपरावरच अडवा : दुकान, गोदाम व कचेरीचे उष्णतारोधन

गाळप हंगामात आपण कारखान्यात येता तेव्हा बॉयलरपासून निघालेल्या जाड जाड वाफेच्या नळ्या पाहता. त्यांच्यावर काचलोकरीचे वा दगडी लोकरीचे वेष्टन असते आणि वरून चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा. आत वाफ एवढी तापलेली, की उघड्या नळीला हात लागला तर कातडी निघून यावी. पण वेष्टनावर हात टेकवता येतो. कामगार याला 'लॅगिंग' म्हणतात. बगॅस जाळून मिळवलेली उष्णता वाटेत वाया जाऊ नये म्हणून हा खटाटोप.

आता हीच गोष्ट उलटी करून पाहू. उष्णता आतून बाहेर जाऊ नये म्हणून नळीला जे घालतो, तेच उष्णता बाहेरून आत येऊ नये म्हणून इमारतीला का घालू नये? गेल्या काही वर्षांत आपल्या सभासदांपैकी पुष्कळांनी ऊस बिलाच्या पैशातून रस्त्याकडेला गाळे काढले. कुणी कृषी सेवा केंद्र घातले, कुणी बियाण्याचे गोदाम, कुणी दूध संकलन केंद्र, तर कुणी गावच्या सोसायटीची नवी कचेरी उभी केली. बहुतेक ठिकाणी वर साधा स्लॅब नाहीतर पत्रा. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी दोननंतर तिथे माणूस बसत नाही आणि माल टिकत नाही. एसी लावला तर विजेचे बिल धंद्यातला नफा खाते. म्हणून या अंकात हा विषय जरा खोलात जाऊन मांडत आहोत.

उष्णता येते कुठून?

उष्णता तीन वाटांनी येते. पहिली वहनाची : तव्याचा दांडा तापतो तशी ती पदार्थातून सरकते. दुसरी हवेच्या प्रवाहाची : उघड्या दारातून झळ येते तशी. तिसरी प्रारणाची : चुलीपासून दोन हात लांब बसलो तरी अंग भाजते तशी.

आपल्याकडच्या बैठ्या इमारतीत यातला मोठा वाटा छपरातून येतो. कारण सरळ आहे. सोलापूर भागात मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, काठीची सावली काठीच्या पायाशीच विरते. त्या वेळी भिंतींवर ऊन तिरके पडते, छपरावर मात्र सरळ. निरभ्र दुपारी छपराच्या दर शंभर चौरस फुटांवर आठ-नऊ किलोवॅट एवढी सूर्याची शक्ती पडते. विहिरीवरची पाच अश्वशक्तीची मोटार सुमारे पावणेचार किलोवॅटची असते. म्हणजे शंभर चौरस फुटांवर दोन मोटारींपेक्षा जास्त जोर! सहाशे चौरस फुटांच्या दुकानाच्या छपरावर अशा डझनभराहून अधिक मोटारी भर दुपारी चालू आहेत असे समजा. यातली थोडी जरी शक्ती आत शिरली, तरी पंखा काय करणार? तो तापलेली हवाच फिरवत राहणार.

कोण किती अडवतो?

उष्णता अडवण्याची ताकद प्रत्येक पदार्थाची वेगळी. लोखंड तिला सरळ वाट देते. काँक्रीट थोडी अडवते, वीट त्याहून जास्त. पण खरा अडवणारा आहे स्थिर हवा. थर्मोकोल, काचलोकर, पफ या सगळ्यांत काम करते ती आत कोंडलेली हवा किंवा वायू; पदार्थ फक्त तिला हलू देत नाही. आपल्या गोधडीचे आणि मेंढीच्या लोकरीच्या घोंगडीचे तत्त्व हेच.

ध्यानात ठेवायला सोपा हिशेब असा : एक इंच थर्मोकोल जेवढी उष्णता अडवते, तेवढी अडवायला विटेची भिंत सुमारे तेवीस इंच जाड लागेल आणि काँक्रीट सुमारे पावणेचार फूट. म्हणून "स्लॅब सहाऐवजी सात इंच टाकू, गार राहील" असे कुणी म्हणाले तर त्याचे ऐकू नका. त्यात सिमेंट-सळई जाईल, गारवा मिळणार नाही.

आता पुढचा प्रश्न. थर किती जाड घालावा? उघड्या सहा इंची स्लॅबमधून जर शंभर रुपयांची उष्णता आत येत असेल, तर वर थर्मोकोलचा

एक इंच थर घातल्यावर सुमारे तीस रुपयांची येते,
दोन इंचांनी सुमारे अठरा रुपयांची,
चार इंचांनी सुमारे दहा रुपयांची.

म्हणजे पहिल्या इंचाने सत्तर रुपये वाचवले, दुसऱ्याने बारा आणि पुढच्या दोन इंचांनी मिळून आठ. खताच्या मात्रेसारखेच हे. पहिल्या गोणीला उतारा दिसतो, चौथ्या गोणीला तेवढा दिसत नाही. साध्या दुकानाला, कचेरीला दीड ते दोन इंच पुरे. दिवसभर एसी चालणाऱ्या जागेला तीन-चार इंच परवडतात. बेदाण्याच्या शीतगृहात बाहेर एक्केचाळीस अंश आणि आत चार अंश असा सदतीस अंशांचा फरक राखायचा असतो, तिथे जाड पफ पॅनेलला पर्याय नाही.

सरकारनेही हे नियमात घातले आहे. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ साली निघाली आणि २०१७ साली सुधारली. शंभर किलोवॅट वा अधिक जोडभार असणाऱ्या व्यापारी इमारतींसाठी ती आहे. २०१७ च्या संहितेने छपरातून उष्णता जाण्याचा जो दर ठरवला, तो उघड्या स्लॅबच्या जेमतेम एक दशांश आहे. वरच्या हिशेबातले चार इंच थर्मोकोल किंवा अडीच-पावणेतीन इंच पफ घातले की तो साधतो. आपला गाळा एवढ्या मोठ्या भाराचा नसतो, पण दिशा कोणती ते यावरून कळते.

माळवदाचा गारवा आणि माळवदाचे ओझे

"आमच्या आजोबांच्या माळवदी घरात तर काही न घालता गार वाटायचे," असे कुणीही म्हणेल आणि ते खरेच आहे. आपल्याकडे सोलापूर-मराठवाड्यात माळवद आणि खानदेशात धाबे, ही कोरड्या हवेची फार जुनी विद्या. तुळयांवर लाकडी फळ्या वा काटक्या, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, आणि भिंती दोन-दोन हात रुंद.

पण ते घर गार का राहायचे हे नीट समजून घेतले पाहिजे. माती उष्णता फारशी अडवत नाही. फूटभर मातीचा थर अडवण्याच्या बाबतीत अर्ध्या इंच थर्मोकोलहून थोडाच सरस भरतो. मातीचा गुण वेगळा : ती उष्णतेला उशीर लावते. दुपारचे ऊन मातीतून उतरत उतरत आत पोचेपर्यंत रात्र होते. आपल्याकडे मे महिन्यात दिवसा एक्केचाळीस अंश असले तरी पहाटे पारा पंचवीसच्या आसपास उतरतो. माणसे माळवदावर झोपायची, दारे-खिडक्या-झरोके उघडे, आणि भिंती रात्रभर थंड हवा पिऊन घ्यायच्या. दिवसाची उष्णता आणि रात्रीचा गारवा यांची ही वजाबाकी होती.

या विद्येची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचे मातीचे ओझे झोपेतल्या माणसांवर कोसळले. फूटभर मातीच्या थराचे वजन दर चौरस फुटाला पंचेचाळीस किलोच्या घरात जाते. दहा बाय दहाच्या खोलीवर साडेचार टन! त्या धसक्याने लोकांनी माळवद सोडले आणि स्लॅब किंवा पत्रा जवळ केला, हे बरोबरच झाले. पण ओझ्याबरोबर गारवाही गेला.

उष्णतारोधनाचे खरे महत्त्व आम्हांला इथे वाटते. दोन इंच थर्मोकोलचे वजन दर चौरस फुटाला शंभर ग्रॅमच्या आसपास. डोक्यावर ओझे न घेता गारवा परत आणता येतो. मात्र पक्के बांधकाम, कोपऱ्यांतल्या सळया आणि लिंटेलचा पट्टा यांत काटकसर करू नये. रोधन हे त्याच्या जागी नव्हे, त्याच्या जोडीला.

दुकान म्हणजे घर नव्हे

घरात रात्री माणसे असतात, खिडक्या उघड्या राहतात. दुकानाचे शटर रात्री नऊला खाली येते ते सकाळीच उघडते. दुपारी स्लॅबने आणि भिंतींनी प्यालेली उष्णता रात्रभर आतच उतरते आणि कोंडून राहते. म्हणून सकाळी शटर वर केले की तोंडावर वाफ येते. यासाठी दोन गोष्टी कराव्यात.

पहिली, रोधनाचा थर शक्यतो स्लॅबच्या वरच्या बाजूस घालावा. म्हणजे ऊन बाहेरच अडते आणि स्लॅब स्वतः तापत नाही. खालून छत लावले तर माणसाला बरे वाटते, पण स्लॅब तापत-निवत राहतो आणि त्याला चिरा पडतात.

दुसरी, मागच्या भिंतीत खाली एक आणि समोर वर एक अशा लोखंडी गज व बारीक जाळी लावलेल्या झडपा ठेवाव्यात. रात्री उघडायच्या, सकाळी आठ-साडेआठला बंद करायच्या. गार हवा खालून शिरते, तापलेली वरून निघते. चोर येणार नाही, उंदीर येणार नाही, रात्रीचा गारवा फुकट येईल. दिवसा मात्र दार-खिडकी जितकी बंद तितकी बरी. "हवा येऊ दे" म्हणून भर दुपारी खिडकी उघडणे म्हणजे एक्केचाळीस अंशांना घरात बोलावणे.

जांभूळची गोष्ट वेगळी

इथे एक इशारा. आपल्याकडची पुष्कळ मुले उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात कारखान्यांत कामाला आहेत. सुटीला आली की सांगतात, "तिकडे शेडला चारी बाजूंनी हवेला वाट ठेवतात, आपणही तसेच करू." त्याच पट्ट्यातले जांभूळ हे गाव घ्या. बारवी धरणाचे पाणी एमआयडीसी तिथे शुद्ध करते. मार्च-एप्रिलच्या एखाद्या लाटेत त्या भागातही पारा चाळिशी ओलांडतो. तरी तिथली हवा ती आपली हवा नव्हे.

समुद्र जवळ असल्याने तिथे दमटपणा. घाम सुकत नाही, म्हणून अंगावरून वारा जायला हवा. पावसाळ्यात तर दिवस-रात्रीत फारसा फरक राहत नाही, त्यामुळे जाड भिंतीला गारवा साठवायला मिळतच नाही. तिथे उघडी शेड, लांब पागोळ्या आणि मोठा पंखा हे शहाणपणाचे. आपल्याकडे हवा कोरडी, दुपारी झळ आणि रात्री गारवा. इथे दिवसा बंद व रात्री उघडे हे शहाणपणाचे. छपराचे रोधन मात्र दोन्हीकडे उपयोगी, कारण सूर्य दोन्हीकडे डोक्यावर येतो.

कूलरचेही तसेच. एक्केचाळीस अंश आणि वीस टक्के आर्द्रता असली तर चांगला कूलर सव्वीस-सत्तावीस अंशांची हवा देतो. जांभूळला चौतीस अंश आणि पासष्ट टक्के आर्द्रता असताना तोच कूलर एकोणतीसच्या खाली उतरत नाही, वर आणखी ओल वाढवतो. म्हणून आपल्याकडे रोधन अधिक कूलर ही जोडी एसीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. फक्त कूलर लावल्यावर हवा बाहेर जायला समोरून एक वाट उघडी ठेवावी.

तिकडे एसी लावलेल्या खोलीच्या रोधनात बाहेरच्या बाजूने बाष्परोधक थर घालावाच लागतो; नाहीतर आत दव धरून काचलोकर भिजते. भिजलेली लोकर म्हणजे भिजलेली गोधडी, ऊब धरत नाही आणि ऊन अडवत नाही. आपल्याकडे हा त्रास शीतगृहापुरता.

काय करावे, कोणत्या क्रमाने

१) चुना. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आधी. मळका काँक्रीट स्लॅब ऊन पितो, पांढरा स्लॅब बरेचसे परत फेकतो. २०१७ च्या संहितेत सपाट छपराने किमान साठ टक्के ऊन परतवावे असे म्हटले होते. होळी झाली की गच्ची झाडून, धुऊन चुन्याचे दोन हात मारावेत. पावसात तो धुपतो, म्हणून दरवर्षी मारावा. कायमचे हवे असेल तर पांढऱ्या फुटक्या फरश्यांचे चायना मोझॅक.

२) हिशेब पाहा. वीस बाय तीस फुटांच्या दुकानाचा मळका स्लॅब भर उन्हात असला तर त्यातून ढोबळमानाने साडेपाच किलोवॅट उष्णता आत उतरते. दीड टनाचा एसी केवळ छपराशी झगडण्यातच संपला! चुना मारला की ती निम्मी, सुमारे पावणेतीन किलोवॅट. चुना आणि दोन इंच रोधन दोन्ही केले तर अर्धा किलोवॅट. आधी एसी घेऊन मग विचार करणारा दोनदा पैसे घालतो.

३) गच्चीवरचा थर. आधी उतार व पाणीरोधन, मग जास्त घनतेचे, पाय पडला तरी न दबणारे फोमचे तावे, त्यावर संरक्षक कोबा किंवा फरशी. विटांच्या तुकड्यांचा कोबा पाणी अडवायला आणि उतार काढायला चांगला, पण तो रोधन नव्हे.

४) पत्र्याची शेड. तापलेला पत्रा खालच्या माणसावर चुलीसारखा प्रारण टाकतो. पत्र्याखाली चार-सहा इंच जागा सोडून छत किंवा चकचकीत फॉइल लावावे. फॉइल पत्र्याला चिकटवली तर तिचा उपयोग कमी होतो. तिच्या एका अंगाला मोकळी हवा पाहिजे. चकचकीत बाजू खाली ठेवावी, म्हणजे धूळ बसत नाही. नवी शेड असेल तर दोन पत्र्यांमध्ये पफ भरलेले पॅनेलच घ्यावे. जुना सिमेंटचा पत्रा ॲस्बेस्टॉसचा असेल, तर त्याला भोके पाडू नयेत, तो फोडू नये. त्याची धूळ फुप्फुसाला घातक.

५) पश्चिमेची भिंत. उतरते ऊन सरळ तिच्यावर येते. तिथे पडवी, वेल किंवा झाड. कडुनिंब लावायला काही फार पैसे लागत नाहीत.

मालाचे काय?

बियाण्याचा एक जुना ठोकताळा आहे : साठवणीचे तापमान पाच-सहा अंशांनी उतरले तर बियाण्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते. सोयाबीनसारखे नाजूक बियाणे पत्र्याखाली मे महिना काढते आणि जूनमध्ये उगवत नाही, तेव्हा दोष बियाण्याच्या माथी जातो. नुकसान मात्र पेरणी वाया गेलेल्या शेतकऱ्याचे होते. कीटकनाशके, जैविक खते आणि जनावरांची औषधे यांनाही तापलेले गोदाम सोसत नाही. आपल्या कारखान्यांतही साखर फार तापलेल्या जागी राहिली तर तिचा रंग बिघडतो, आणि मळी बिघडू नये म्हणून उन्हाळ्यात टाक्यांवर पाणी शिंपडावे लागते. माल कुणाचाही असो, नियम एकच.

बगॅस घालता येईल का?

हा प्रश्न ऊस उत्पादकाला पडणारच. होय, बगॅसमध्ये हवा कोंडलेली असते, म्हणून तो चांगला रोधक आहे. अमेरिकेत लुइझियाना राज्यात १९२० च्या दशकापासून 'सेलोटेक्स' या नावाने बगॅसचे रोधक तक्ते मोठ्या प्रमाणावर निघत. पण ते दाबून, प्रक्रिया करून केलेले तक्ते. कुणी सुटा बगॅस पोत्यांत भरून छतावर टाकू नये. त्याला वाळवी लागते, ठिणगी पडली तर भडकतो, आणि कुजक्या बगॅसच्या धुळीने फुप्फुसाचा विकार होतो. बाजारात तयार बगॅस बोर्ड मिळाला तर छतासाठी जरूर वापरावा. तो ओला होऊ देऊ नये.

आगीची काळजी

हा मुद्दा मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो विसरला जाऊ नये. थर्मोकोल पेटतो. पफ पेटला तर विषारी धूर सोडतो, आणि माणसे ज्वाळेपेक्षा त्या धुराने जातात. म्हणून दुकानात आतल्या बाजूने थर्मोकोल उघडा ठेवू नये. त्यावर प्लास्टर किंवा जिप्समचा तक्ता हवाच. माल 'आगीला मंद' प्रतीचा मागावा. विजेची पीव्हीसी वायर थर्मोकोलला चिकटून नेऊ नये. त्याने तिचे वेष्टन कडक होऊन तडकते. वायर नळीतूनच न्यावी. शटर हे एकच दार असलेल्या गाळ्याला मागून दुसरी वाट ठेवावी.

सभासद बंधू-भगिनींनो, विकत घेताना "किती जाड?" एवढेच विचारू नका. उष्णतावाहकता किती, घनता किती, आगीचा दाखला आहे का, हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तर बिलावर लिहून घ्या. नवे बांधकाम काढणार असाल तर नकाशा पक्का होण्याआधीच हा विचार व्हावा. स्लॅब पडल्यावर तेच काम महाग पडते. आणि जुने असेल, तर येत्या होळीनंतर निदान चुन्याचे दोन हात तरी मारून पाहा. एका दुपारीच फरक अंगाला कळेल.